कुत्रं नेमकं कोणाचं होतं?

कुत्रं पाळलेल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. हट्ट धरून पिल्लू आणलं मुलीने. लस टोचून आणणं, आंघोळ घालणं, फरशी पुसणं आईच्या गळ्यात पडलं. दोन वेळचं खायलाही तीच घालते. आणि कुत्रं दिवसभर बसतं ते आजोबांच्या खुर्चीखाली. आजोबा तर 'घरात कुत्रं नको' म्हणणारे. तरी ते गावाला गेले की हे दारातून हलत नाही, ताटलीला तोंड लावत नाही. घरातल्या पाच माणसांतून त्याने हेच माणूस का धरलं, हे कोणालाच सांगता येत नाही.

या प्रश्नावर गेल्या साठ-पासष्ट वर्षांत पुष्कळ काम झालं आहे. अमेरिकेत त्याची सुरुवात झाली, हंगेरीत त्याला वळण मिळालं आणि आता जपान, स्वीडन, कोलकाता इथून त्यात भर पडते आहे. ते सगळं एकत्र ठेवून पाहिलं की आपल्याकडच्या दोन पक्क्या समजुती डळमळतात. एक, जो भाकरी घालतो त्याचं कुत्रं. दुसरी, कुत्रं आयुष्यात एकदाच जीव लावतं, आणि तोही पिल्लू असताना. पहिली अर्धवट खरी आहे. दुसरी साफ चुकीची आहे असं माझं मत झालं आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी चांगली कुत्री पिंजऱ्यात म्हातारी होतात.

सुरुवात पिल्लापासूनच करावी लागते. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास केला. तिथलाच एक प्रयोग १९६१ साली डॅनियल फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचा जवळजवळ संबंध येणार नाही अशा बेताने त्यांनी पिल्लं वाढवली. काही पिल्लांना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांत आणलं आणि परत सोडलं. काहींना चौदा आठवडे माणूस दिसलाच नाही. पाचव्या ते नवव्या आठवड्यात माणसांत आलेली पिल्लं चटकन रुळली. चौदा आठवडे माणसाविना काढलेली मात्र रानटी जनावरासारखी बिचकत राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत एक दार उघडं असतं, ही गोष्ट तेव्हापासून पक्की झाली.

पण हे दार कशाचं, हे नीट समजून घ्यायला हवं. त्या आठवड्यांत पिल्लू अमुक एका माणसाचं होत नाही. माणूस नावाचा प्राणी आपल्यातला आहे, एवढंच त्याला कळतं. आणि माणूसच असायला हवा असंही नाही. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने मॅसॅच्युसेट्समध्ये मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांवर दीर्घकाळ काम केलं. पिल्लू लहानपणीच मेंढ्यांत ठेवलं तर मोठेपणी ते कळप सोडून जात नाही, हे त्यांनी दाखवलं. आपल्या धनगरांना हे कोणी सांगायला नको. वाड्यावरची कुत्री मेंढरांतच वाढतात. रात्री वाघरीत मेंढरं कोंडली की भोवती पडून राहतात आणि परका जवळ आला की धन्याआधी ती उठतात. म्हणजे लहानपण ठरवतं ते जात कोणती आपली. त्या जातीतला नेमका कोण, हा हिशोब पुढे आयुष्यभर चालू राहतो.

त्या 'नेमका कोण'ला हात घालायचा तर आधी एक अडचण होती. कुत्रं शेपूट कोणापुढेही हलवतं. मग ते एखाद्याचं 'झालं' आहे हे ओळखायचं कसं? बुडापेस्टच्या ओटव्होश लोरांड विद्यापीठात विल्मोश चानी यांच्या गटातल्या योझेफ टोपाल, आदाम मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्यासाठी एक युक्ती केली. लहान मुलाचं आईशी नातं तपासण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी तयार केलेली परीक्षा त्यांनी कुत्र्यांना लावली.

ही परीक्षा समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचं निम्मं शास्त्र तिच्यावर उभं आहे. एक अनोळखी खोली. दोन खुर्च्या, जमिनीवर दोन-चार खेळणी. मालक कुत्र्याला घेऊन येतो. काही वेळाने एक परकी व्यक्ती येऊन बसते. मग मालक उठून बाहेर जातो आणि कुत्रं परक्याजवळ राहतं. मालक परत येतो, परका जातो. मग मालकही जातो, कुत्रं एकटंच उरतं. आता दार उघडतं तेव्हा आत येतो तो परका. मालक सगळ्यांत शेवटी. प्रत्येक टप्पा दोनच मिनिटांचा. भिंतीवरचा कॅमेरा टिपत असतो की कुत्रं खेळतं किती, दाराशी उभं राहतं किती, कोणाच्या मागे जातं, आणि दार उघडल्यावर किती लवकर, किती वेळ अंगाला लागतं.

५१ जोड्या तपासल्या. मालक खोलीत असेतो कुत्री हुंगत फिरली, परक्याशीही खेळली. मालक गेला की खेळ थंडावला आणि कुत्री दाराला चिकटली. परक्याने गोंजारलं, चेंडू टाकला, तरी नजर दाराकडेच. मालक आला की झेप, चाटाचाटी. आणि थोड्याच वेळात पुन्हा चेंडू. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. मालक आल्यावर कुत्रं त्याला धरून बसत नाही, त्याच्या असण्याने निर्धास्त होऊन जग बघायला निघतं. खुर्चीखाली झोपण्यापेक्षा या निर्धास्तपणात नातं जास्त दिसतं.

या प्रयोगावर आक्षेपही आले. टप्पे ठरलेल्या क्रमाने होतात, तेव्हा खेळ कमी होणं म्हणजे नुसता कंटाळाही असू शकतो, असं मिलानच्या संशोधकांनी दाखवून दिलं. मग लंडनमध्ये क्रम उलटसुलट करून परीक्षा घेतली गेली. मालक असताना खेळ वाढतो हे तरीही टिकलं. व्हिएन्नात लिझा हॉर्न, लुडविग हुबर आणि फ्रीडेरिके रांगे यांनी २०१३ मध्ये आणखी वेगळी वाट काढली. खेळण्यात दडवलेला खाऊ झटापट करून काढायचा, असं काम कुत्र्यांना दिलं. मालक खोलीत असला, मग तो गप्प का बसलेला असेना, की कुत्री जास्त वेळ चिकाटीने खटपट करत. मालकाच्या जागी परका बसवला तर चिकाटी वाढत नसे. माणसाची सोबत नुसती असून भागत नाही, ती त्याच माणसाची असावी लागते.

आता भाकरीकडे. कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतो. प्रयोगशाळेत येणारी युरोप-अमेरिकेतली कुत्री पट्ट्यात वाढलेली असतात, तर जगातली बहुतेक कुत्री मोकाट. त्यामुळे या कामाचं मला विशेष अप्रूप आहे. २०१७ साली देबोत्तम भट्टाचार्जी आणि सहकाऱ्यांनी साधी विचारणा केली: अनोळखी माणसावर भटक्या कुत्र्याचा विश्वास कशाने बसतो, खाण्याने की हाताने? ही कुत्री सहसा परक्याच्या हातातून तुकडा घेत नाहीत. जमिनीवर टाकला तर घेतात. चहाच्या टपरीवर बिस्कीट पुढे करून बघा. कुत्रं मान लांब करतं, मागचे पाय मात्र पळण्याच्या तयारीतच ठेवतं. संशोधकांनी काही कुत्र्यांना वारंवार खाऊ दिला, काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. काही दिवसांनी जास्त जवळ येऊ लागली ती हात फिरवलेली.

याचा अर्थ खाण्याला किंमत नाही असा नव्हे. अमेरिकेत एरिका फ्युअरबाकर आणि क्लाइव्ह विन यांनी पाळीव कुत्र्यांपुढे एका बाजूला खाऊ देणारा आणि दुसऱ्या बाजूला गोंजारणारा माणूस ठेवला, तेव्हा बहुतेकांनी खाऊकडे धाव घेतली. मात्र खाऊ उशिरा उशिरा मिळू लागला तशी ओढ ढिली पडली. नुसत्या तोंडी कौतुकाला मात्र फारसा भाव मिळाला नाही. 'शाब्बास, गुणाचं माझं बाळ' म्हणण्यापेक्षा पाठीवर हात ठेवलेला कुत्र्यांना जास्त आवडला. घासाने कुत्रं जवळ येतं, हे खरंच आहे. ते टिकतं स्पर्शाने आणि रोजच्या सहवासाने.

याच दोघांचा आणखी एक निष्कर्ष कुत्रं पाळणाऱ्यांना लागण्यासारखा आहे, पण तो लपवण्यात अर्थ नाही. मालक आणि परका शेजारी बसवले आणि कुत्र्याला मोकळं सोडलं. जागा अनोळखी होती तेव्हा कुत्र्यांनी सुमारे ८० टक्के वेळ मालकाजवळ घालवला. जागा स्वतःच्या घरातली होती तेव्हा उलट झालं. जवळपास ७० टक्के वेळ परक्याजवळ. काहींनी यावरून कुत्रं मतलबी असल्याचं अनुमान काढलं. मी उलट वाचतो. स्वतःच्या ओसरीवर मालकाला चिकटून राहायचं कारणच काय? पाहुण्याकडे जाता येतं ते घरचा माणूस जागेवर आहे या भरवशावर. नातं बघायचं असेल तर परक्या जागी, फटाक्यांच्या आवाजात, डॉक्टरच्या टेबलावर बघावं.

आता शरीरात काय घडतं ते. याचा गाजावाजा सर्वांत जास्त झाला, पण मी त्यावर फार वेळ घालवणार नाही. जपानच्या अझाबू विद्यापीठात ताकेफुमी किकुसुई यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की जी कुत्री मालकाच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहतात, त्यांच्यात आणि त्यांच्या मालकांतही ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं दिसलं नाही. आईला तान्ह्याकडे बघताना जे होतं त्याच जातीचं हे. कुत्र्यांच्या नाकात ऑक्सिटोसिन फवारल्यावर टक लावून बघणं वाढलं, पण फक्त माद्यांत. तेव्हा 'प्रेमाचं रसायन सापडलं' अशा मथळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा अटलांटाच्या एमरी विद्यापीठातलं ग्रेगरी बर्न्स यांचं काम मला जास्त बोलकं वाटतं. भूल न देता, नुसत्या शिकवणीवर एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहणारी १२ कुत्री त्यांनी तयार केली आणि त्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या कुत्र्याचा, परक्या कुत्र्याचा, परक्या माणसाचा आणि घरातल्या माणसाचा. सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग सर्वांत जास्त उजळला तो घरातल्या माणसाच्या वासाला. ते माणूस तिथे नव्हतंच; कापडावर होता फक्त त्याचा घाम.

नातं एकदा जुळलं की ते खोलवर मुरतं. स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. केस वाढतो तसं त्यात महिन्यामहिन्याच्या ताणाची नोंद होत जाते. मालकिणीचा ताण जास्त तर कुत्र्याचाही जास्त, असा मेळ दिसला. घरात भांडणं चालू असताना कुत्रं कोपऱ्यात जाऊन बसतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते त्याच्या केसांतही उतरतं.

लांडग्यांचा वाद अजून मिटलेला नाही. टोपाल यांच्या गटाने २००५ मध्ये हातावर वाढवलेली लांडग्याची पिल्लं तपासली. सोळा आठवड्यांच्या त्या पिल्लांनी पाळणारा आणि परका यांत कुत्र्यांसारखा फरक केला नाही. त्यावरून एका माणसाला धरून राहणं ही कुत्र्यांची खास कमाई आहे, असं मानलं गेलं. २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी तेवीस आठवड्यांच्या दहा लांडग्यांत मात्र हा फरक स्पष्ट पाहिला. परक्यासमोर येरझारा घालणारे लांडगे त्यांची माणसं आत आली की थांबत. मला वाटतं, बीज लांडग्यातही आहे. माणसाच्या सोबतीत गेलेल्या हजारो पिढ्यांनी ते सहज रुजेल अशी जमीन कुत्र्यात करून ठेवली.

ही सोबत किती जुनी? जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली खाणीत एक दफन सापडलं: एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचं सुमारे सात महिन्यांचं पिल्लू. दफनाचं वय चौदा हजार वर्षांहून अधिक. पिल्लाच्या दातांचा नव्याने अभ्यास झाला तेव्हा कळलं की त्याला डिस्टेंपर हा रोग झाला होता, आणि त्या दुखण्यात ते कित्येक आठवडे जगलं. पाणी पाजणारं, ऊब देणारं, घाण काढणारं कोणी असल्याशिवाय असं पिल्लू जगत नाही. शिकारीला, राखणीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आपल्याकडे काश्मीरमध्ये बुर्झाहोमच्या नवाश्मयुगीन दफनांतही माणसांबरोबर कुत्री पुरलेली आहेत.

आजोबांच्या खुर्चीकडे परत यायला हवं, कारण घरातल्या घरात निवड कशी होते यावर संशोधन थोडं आहे. व्हिएन्नाच्याच गटाने एकाहून अधिक माणसांच्या घरातली कुत्री पाहिली, तेव्हा नुसती ओळख पुरत नाही असं दिसलं. सारखंच परिचित असूनही मुख्य सांभाळ करणाऱ्याकडे त्यांचं लक्ष जास्त राहिलं. ओरेगॉनमध्ये मोनिक उडेल यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की जे मालक प्रेमळ असतात आणि शिस्तही सांभाळतात, त्यांची कुत्री अनोळखी जागी जास्त निर्धास्त राहतात. मग आजोबा कसे जिंकतात? माझा तर्क असा. आजोबा घरात असतात. ते ठरल्या वेळी उठतात, ठरल्या वाटेने फिरायला जातात, एकाच जागी बसतात, ओरडत नाहीत, अंगावर ओढून घेत नाहीत, फोटोसाठी टोपी घालत नाहीत. आईच्या हातात कधी ताटली असते, कधी औषधाची गोळी, कधी नखं कापायची कात्री. मुलगी संध्याकाळी येते, धसमुसळेपणा करते आणि निघून जाते. पुढे काय होणार हे ज्या माणसाजवळ कुत्र्याला कळतं, त्या माणसाजवळ ते सैलावतं.

निष्ठेच्या गोष्टी आता वेगळ्या नजरेने वाचता येतात. हाचिको हा अकिता जातीचा कुत्रा १९२३ सालचा. प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांच्याबरोबर त्याला दीड वर्षही मिळालं नाही; २१ मे १९२५ रोजी ते गेले. त्यानंतर ८ मार्च १९३५ रोजी मरेपर्यंत तो त्यांची वाट पाहत टोकियोच्या शिबुया स्टेशनवर येत राहिला. तिथले विक्रेते त्याला खायला देत, म्हणून तो येत असे, असं म्हणणारे तेव्हाही होते. दोन्ही खरं असू शकतं. आणि एक गोष्ट या कथेत नेहमी गाळली जाते: त्यांतली बरीच वर्षं हाचिकोला प्राध्यापकांच्या ओळखीच्या माळ्याने सांभाळलं, आणि हाचिको त्याच्याकडेही राहिला. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतल्याची कथा सांगितली जाते त्या वाघ्या कुत्र्याच्या रायगडावरच्या स्मारकावरून आपल्याकडे वाद होत आले आहेत. समकालीन साधनांत त्या कुत्र्याला आधार सापडत नाही, असं अनेक इतिहासकार सांगतात. चितेत उडी घेणारं कुत्रं ही आपल्या मनातल्या निष्ठेची कल्पना आहे. कुत्र्याचा स्वभाव तसा नाही. कुत्रं शोक करतं, खाणं सोडतं, शोधत फिरतं, आणि कोणी जवळ घेतलं तर पुन्हा जगायला लागतं.

याचा पुरावा बुडापेस्टमधूनच आला, आणि या सगळ्या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा कागद मी त्यालाच मानतो. मार्ता गाची आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निवारा-केंद्रांतली ६० मोठी कुत्री घेतली. टाकून दिलेली, हरवलेली, काही कित्येक महिने पिंजऱ्यात. एका अनोळखी व्यक्तीने त्यांतल्या काहींजवळ दर वेळी दहा मिनिटं, असं तीनदा जाऊन गोंजारणं, फिरवणं, खेळणं एवढंच केलं. मग तीच खोलीची परीक्षा. अर्ध्या तासाच्या ओळखीवर ती कुत्री त्या व्यक्तीसाठी दाराशी उभी राहिली, ती आल्यावर धावली, परक्यापेक्षा तिला वेगळं वागवू लागली.

आपल्याकडे दत्तक शिबिरात लोक दोन महिन्यांचं पिल्लूच मागतात. तीन वर्षांचं शांत देशी कुत्रं समोर दाखवलं की उत्तर ठरलेलं: 'एवढं मोठं आता आपलं काय होणार?' पिल्लू नेणाऱ्यांतले काही ते सोफा कुरतडू लागलं की परत आणून सोडतात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव, आकार, मुलांशी वागणूक हे सगळं समोर दिसत असतं, आणि ते आपलं होण्यात वयाची अडचण नाही. लहानपणी माणसांत वाढलेलं असलं म्हणजे पुरे, आणि गल्लीत वाढलेलं बहुतेक कुत्रं माणसांतच वाढलेलं असतं. ते तिथवर पोचतं हेही थोडं नाही. भद्रा यांच्या गटाने कोलकात्याच्या परिसरात पाहिलेल्या पिल्लांपैकी १९ टक्केच सात महिन्यांपर्यंत जगली, आणि मेलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसांमुळे.

गल्लीतल्या कुत्र्याचंही कोणी एक असतंच: सोसायटीचा वॉचमन, मासळीवाली, रात्रपाळीहून परतणारी नर्स. तिच्या मागे ते वळणापर्यंत जातं आणि आपली हद्द संपली की थांबतं. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं उचललं त्याच जागी परत सोडायचं, असा २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा दंडक आहे. रेबीजची भीती खरी आहे, चावे खरे आहेत, आणि लसीकरणात हयगय करणाऱ्यांची गय करू नये. पण शहराबाहेर नेऊन सोडलेलं कुत्रं नुसती जागा गमावत नाही. ज्याच्या भरवशावर ते माणसांशी नीट वागत होतं, ते माणूसही त्याने गमावलेलं असतं, आणि परक्या जागी धास्तावलेलं कुत्रं चावण्याची शक्यता जास्त.

मोठं कुत्रं घरी आणणाऱ्यांनी पहिले पंधरा दिवस घाई करू नये. त्याला मिठी मारू नये, पाहुणे बोलावू नयेत, डोळ्यांत रोखून बघू नये. घरातल्या एका माणसाने रोज ठरल्या वेळी फिरवावं, ठरल्या वेळी खायला घालावं, आणि उरलेल्या वेळी त्याच खोलीत आपलं काम करत बसावं. ते आपणहून हुंगायला येईल. तेव्हा हनुवटीखाली, छातीवर खाजवावं आणि हात काढून घ्यावा. कुत्रं पुन्हा पुढे सरकलं तर खाजवत राहावं. नाही सरकलं तर आपल्या कामाला लागावं.